उलट्या हाताचं रीळ

झेंडू तोडायला लागलं की बोटांना एक हिरवा, कडवट वास चिकटतो. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, भाकरी थापली तर भाकरीत उतरतो. आमच्या मखमलाबादच्या बाजूला नवरात्र जवळ आलं की घरोघर हाच वास, ओट्यावर, गोठ्यात, पोरांच्या दप्तरातसुद्धा. शहरातल्या बायका बाजारात फूल नाकाशी धरतात आणि म्हणतात, किती छान. मी मनात म्हणते, बाई, आठ दिवस तोडून बघ आणि मग सांग. पण खोटं कशाला बोलू, अलीकडे हा वास आला की मला सुटल्यासारखं होतं. डोक्यावरची पाटी कुणी हात लावून खाली उतरवावी, तसं. आणि झेंडूच्या मागोमाग आणखी दोन वास येतात, एक डिझेलचा आणि एक शिवणयंत्राच्या तेलाचा. देवीच्या दिवसांत डिझेल आठवणारी बाई तुम्हाला माझ्याशिवाय भेटायची नाही.

ते नवरात्र आमच्या ह्यांच्या आजारपणानंतरचं पहिलं. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता ह्यांच्या हातातला कप निसटला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून बरं. पाय आला, तोंड सरळ झालं, बोलणंही आलं. डावा हात तेवढा आला नाही. म्हणजे हलायचा, पण परक्या माणसासारखा. त्यातही अंगठ्याजवळचं बोट अगदीच बधिर. एकदा मी तापलेला स्टीलचा पेला त्या हातात दिला. ह्यांनी तो धरला, गप्पा मारत राहिले, आणि पेला खाली ठेवला तेव्हा बोटावर टरारून फोड. ह्यांना पत्ताच नाही. मीच ओरडले, आणि हे माझ्याकडे बघत बसले, जणू भाजलंय ते मलाच.

भेटायला येणारे सगळे एकच बोलायचे. देवाने राखलं, डावाच गेला, उजवा शाबूत आहे, जेवायचं-खायचं तर अडत नाही ना. मी चहा द्यायचे आणि मान हलवायचे. त्यांना कुठून माहीत असणार की हा माणूस डावखुरा आहे. लहानपणी डावा हात ताटात गेला की सासूबाई तो फडक्याने मागे बांधून ठेवायच्या. लक्ष्मी रुसते म्हणायच्या. त्यामुळे जेवण उजव्या हाताने आणि शाळेत मास्तरांच्या धाकाने अक्षरही उजव्यानेच. बाकी सगळा संसार डाव्या हाताचा. फूल तोडायचं डाव्याने, खिळा ठोकायचा डाव्याने, गाय पिळायची डाव्याने आणि नदीवर गळ फेकायचा तोही डाव्याने. लोक म्हणत होते थोडक्यात निभावलं, आणि आमच्या घरातला कामाचा हात गेलेला होता. हे मला ठाऊक होतं आणि आमच्या आक्कांना. आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. त्यांना मूलबाळ नाही, दीर गेल्यापासून त्या आमच्यातच असतात. तोंडाने फटकळ, पण रात्री ह्यांच्या तळपायाला तेल चोळायला माझ्याआधी त्याच बसायच्या.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. डॉक्टर म्हणाले होते, वापराल तेवढा हात येईल, नाही वापरला तर आहे तसाच राहील. हे दोन दिवस दाबत बसले आणि मग चेंडू खाटेखाली गेला. मी काढून द्यायचे, तो परत खाटेखाली. भांडले असते तर बरं वाटलं असतं. हे भांडायचेच नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी चालेल, झेंडूला पाणी द्यायला गडी आला नाही तरी चालेल. सगळंच चालायला लागलं होतं. घरात असं माणूस असलं की घर फार शांत होतं, आणि ती शांतता कानाला टोचते.

घटस्थापनेच्या आधी घर काढतात आमच्यात, कानाकोपरा झाडून-धुऊन. मी माळ्यावर चढले होते, खाली हे खुर्चीत बसलेले. एक मळकी पिशवी हाताला लागली. उघडली तर आत गळाचं रीळ. झटका आला त्याच्या आदल्या संध्याकाळी हे नदीवरून पावसात भिजून आले होते, उद्या धुतो म्हणाले होते. तो उद्या आलाच नाही. कुणीतरी पिशवी उचलून माळ्यावर टाकली. आत चिखल वाळून दगड झालेला, मूठ जागची हलत नव्हती. मी वरूनच विचारलं, ह्याचं काय करू. ह्यांनी मान वर करून बघितलं, आणि म्हणाले,

"दे भंगारात."

मी माळ्यावरच बसले. ज्या रिळाला आमच्या घरात कुणाला बोट लावायची परवानगी नव्हती, ते भंगारात.

ह्या रिळाचीही गंमत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. देवळाली कॅम्पात फौजी कुटुंबाची बदली झाली की घरातलं सामान अंगणात मांडून विकतात. तिथे आम्ही माझ्यासाठी शिवणयंत्र बघायला गेलो होतो. यंत्र मिळालं, ते अजून आहे. त्या सामानात एका खोक्यात हे हिरव्या रंगाचं रीळ पडलं होतं. काही भारी नव्हे, साधंच, रंगाचे टवके तेव्हाच उडालेले. त्याची मूठ उजव्या बाजूला. बाकीच्यांनी हातात घेऊन बघितलं आणि ठेवून दिलं, उलट्या हाताचं आहे म्हणाले. म्हणजे असं की काठी धरायची डाव्या हातात आणि मूठ फिरवायची उजव्याने. ह्यांनी ते डाव्या हातात धरलं मात्र, तोंडावर असं काही आलं की मी लग्नातसुद्धा ते बघितलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांच्या हाताची वस्तू बनवली होती. नको असलेली म्हणून त्या फौजीबाईंनी ती यंत्राबरोबर जवळजवळ फुकटच दिली.

तर ते रीळ मी भंगारात दिलं नाही. पदराखाली धरून खाली आणलं आणि दुपारी आक्का आडव्या झाल्यावर मागच्या पडवीत पांढरं फडकं अंथरलं.

मला त्यातलं काही येत होतं असं नाही. पण शिवणयंत्र मी स्वतःच खोलते, स्वतःच जोडते. त्याची एक रीत असते. जे पहिलं निघालं ते डाव्या टोकाला ठेवायचं, मग त्याच्या उजवीकडे दुसरं, अशी ओळ लावायची. जोडताना उलटीकडून यायचं. बस. आधी मूठ काढली, मग बाजूचं झाकण. आत बघते तर जुनं ग्रीस आटून खरवडीसारखं झालेलं. रॉकेल आता कुठे मिळतं, म्हणून पंपाच्या इंजिनाचं डिझेल वाटीत घेतलं आणि सगळं भिजत टाकलं. जुन्या दातघासणीने घासलं. चाकाच्या दात्यांत घासणी पोहोचेना, तेव्हा घरात बारीक काय आहे ते शोधलं, तर देवीसाठी वळलेल्या फुलवाती. त्यांचं टोक दात्यांत बरोबर जातं. एक एक वात काळी होत गेली आणि चाक उजळत गेलं. आत एक पितळी चाक होतं, त्याला चिंच लावली, आणि घासून झालेल्या भागांत शिवणयंत्राचं तेल सोडलं.

तेवढ्यात आक्का उठून आल्या. एका ताटात देवीचे टाक चिंच लावून ठेवलेले, त्याच ताटाच्या कडेला माशाचं चाक. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं, देवीच्या वाती हायेत त्या. अन् त्या ताटात काय घातलंस? नवरात्रात घरात मासळीचं नाव काढायचं नाय, अन् तू तिला देवीशेजारी आंघोळ घालतीस?"

मी म्हटलं, आक्का, धुतल्यापासून ह्याला मासा लागलेला नाही, ते सोवळ्यातच आहे. त्या फणकारल्या, चाक फडक्यावर टाकून ताट उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या तेव्हा हातात कापूस होता. माझ्यासमोर मांडी घालून वाती वळायला बसल्या. "ह्या घे," म्हणाल्या, "देवीच्या घेऊ नको."

डिझेलमध्ये सगळंच भिजवायचं नसतं हे मला उशिरा कळलं. रिळात एक चामड्याची चकती असते. मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटू नये म्हणून ती थोडा थोडा सोडते. ती माझ्या वाटीत फुगून लगदा झाली. पण स्टोव्हवर संसार केलेल्या बाईला चामड्याचा वायसर काय अवघड. स्टोव्हच्या पंपाला असतो तसाच. माळ्यावरच्या जुन्या स्टोव्हमधून काढला, कात्रीने गोल कापला, गोड्या तेलात रात्रभर भिजवला. छान बसला.

खरी फजिती पुढेच. रिळावर दोरा अडवायला एक तारेची कमान असते, ती एका इवल्या स्प्रिंगच्या जोरावर उघडते-मिटते. ती कमान काढताना स्प्रिंग उडाली. टण्ण आवाज आला एवढं आठवतं. आणि पडवीत तेव्हा बाजारात जाणारे झेंडूचे क्रेट भरून ठेवलेले. मी आणि आक्का, दोघी म्हाताऱ्या, गुडघ्यांवर बसून फुलं उपसतोय. टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवतोय. शेवटी क्रेट गेले. स्प्रिंगही त्यांच्याबरोबर गेली असणार, कुठल्या तरी बंगल्याच्या तोरणात दसराभर लटकली असेल. आक्का म्हणाल्या, चला, निदान तिचा तरी दसरा चांगला जाईल. आणि आम्ही दोघी हसायला लागलो. कितीतरी आठवड्यांनी त्या घरात मोठ्याने हसणं झालं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं तर हे दाराशी उभे.

फडक्यावरची ओळ बघत राहिले. मी साडीची मोठी पिन काढली होती. तिच्या टोकाला वेढा असतो ना, तोच एक स्प्रिंग आहे. टोक आणि टोपण कापून, वाकवून मी ती कमानीत बसवायचा खटाटोप करत होते. हे बघत होते आणि मी मुद्दाम मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, उलटी बसवतीयेस. मी म्हटलं, मग सुलटी कशी असते ते सांगा, मला काय माहीत. उजव्या हाताने त्यांनी पिन फिरवून दाखवली. कमान मिटली. पूर्ण नाही, आळशी माणसासारखी अर्ध्यावर थांबायची आणि मग बोटाने ढकलावी लागायची. अजूनही तशीच आहे.

ह्या वर्षी परवा फुलं तोडताना मी हे सगळं एका नव्या सुनेला सांगत होते, शेजारच्या मळ्यातली पोर, मुंबईहून लग्न होऊन आलेली. ती म्हणाली, काकू, नवीन का नाही आणलं, हल्ली सगळं मिळतं. बरोबर आहे तिचं. मिळतं. पण आजारी माणसासमोर नवीन वस्तू आणून ठेवली की ती वस्तू म्हणते, हं, कर बघू. जुनी वस्तू तसं म्हणत नाही. ती स्वतःच बिघडलेली असते.

मग आला दोरा. जुना तंगूस कडक होऊन तुटत होता, तो सगळा उतरवला आणि बाजारातून नवीन आणला. दोरा रिळावर भरताना ताणून धरावा लागतो. बॉबिन सैल भरली की शिवण नासते, तसंच हे. एकाने मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने दोरा चिमटीत धरायचा, घट्ट, पण निसटता. आक्का देवीच्या आरतीच्या तयारीत. मी ह्यांना म्हटलं, धरा जरा. ह्यांनी उजवा हात पुढे केला. मी म्हटलं, अहो, ह्या बाजूने कुठे, माझ्या आड येतं. खरं तर आड काहीच येत नव्हतं. देवीच्या दिवसांत बोललेलं खोटं, देवीने पोटात घातलं असेल.

डाव्या हाताची चिमूट. अंगठा आणि ते बधिर बोट, मध्ये ओल्या फडक्याची घडी, घडीत दोरा. मी फिरवायला लागले आणि दोरा सैलच आला, रिळावर वेटोळी वेटोळी. मी म्हटलं, चालेल. हे म्हणाले, चालणार नाय, सोड सगळा, परत भर.

मी दोरा सोडत होते आणि माझे डोळे भरून आले होते. मेल्या दोऱ्यापायी का होईना, ह्यांना काहीतरी चालत नव्हतं.

तो दोरा आम्ही किती वेळा भरला आणि किती वेळा सोडला ते विचारू नका. रोज दुपारी तेच. फुलांचा ढीग एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या बाजूला. चिमूट थकली की थांबायचं. पडवीत ऊन सरकत यायचं, ते खास आश्विनातलं ऊन, पावसाने धुतलेलं आणि तिखट. मधमाश्या क्रेटवर घोंघावायच्या. एके दिवशी दोरा शेवटपर्यंत ताठ आला, एकसारखा, नव्या रिळासारखा. ह्यांच्या बोटावर दोऱ्याचा लाल वळ उठला होता. मी बोट धरून विचारलं, दुखतंय का. ह्यांनी वळाकडे निरखून बघितलं. नाय, म्हणाले. मग हळूच म्हणाले,

"अगं, धरतंय. पण त्याला कळत नाय काय धरलंय ते."

मी गोडं तेल आणून त्या वळावर चोळलं.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. सातपूरला कारखान्यात मोठमोठ्या मशीनना हार घालतात, आमच्याकडे विळे, कुदळी, फुलांच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि माझं शिवणयंत्र. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, हात लावायचा नाही. आक्का घरातल्या मोठ्या म्हणून पूजा त्यांची. त्यांनी सगळं ओळीने मांडलं, हळदकुंकू वाहायला सुरुवात केली, आणि हे आतून आले. डाव्या हातात रीळ. रिळाला एक दांडी असते, ती बोटांच्या मध्ये अडकते, त्यामुळे पकड कमी असली तरी पडत नाही. ओळीच्या शेवटी त्यांनी ते ठेवलं.

आक्कांनी भुवया वर केल्या. विचारलं, हे कुणाचं हत्यार.

"माझं हाय," हे म्हणाले.

आक्कांनी त्यावर कुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं आणि हात जोडून मोठ्याने देवीला सांगितलं की बाई, ह्याच्यातली मासळी बघू नको, तेवढा हात बघ.

दसरा झाला. झेंडूचा हंगाम असा असतो की आज सोनं आणि उद्या गाईपुढे. उरलेली फुलं मळ्यात सुकायला लागली, हातांचा वास उतरायला लागला. नदीचं पाणीही निवळलं होतं. आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. पावसाळाभर ती गढूळ आणि आडदांड असते. आश्विन सरत आला की तळाचे गोटे दिसायला लागतात. एका सकाळी ह्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, रिक्षा बोलाव. आक्का म्हणाल्या, जाते का मी बरोबर. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, नको, तुम्हीच जा, मी आले तर मासे पळतील.

गंगापूरच्या अलीकडे एक डोह आहे, ह्यांची जुनी जागा. मी कणकेत हळद मळून गोळा नेला होता. ह्यांच्यासाठी खुर्ची नेली होती, ती त्यांनी लावूच दिली नाही. उभे राहिले. काठी डाव्या हातात. आता बघा, गळ फेकताना काय असतं, कमान उघडायची आणि दोरा अंगठ्याजवळच्या त्या बोटाने अडवून धरायचा. काठी फिरली की नेमक्या क्षणी बोट सोडायचं. आधी सुटलं तर गळ पायाशी, उशिरा सुटलं तर समोर आपटतो. सगळा खेळ त्या एका बोटाचा. मला हे माहीत होतं आणि म्हणून रिक्षात बसल्यापासून मी त्या बोटाकडेच बघत होते.

पहिल्यांदा गळ पायाशीच पडला. दुसऱ्यांदा मागच्या बाभळीला लागला, तो मी काढून आणला. पुढे किती वेळा कुठे पडला ते मी बघितलंच नाही, मी पाण्याकडे पाठ करून उगाच कणीक मळत बसले. मग मागून एक आवाज आला, लांबून, टुपुक. वळले तर डोहाच्या मध्यावर गोल गोल वर्तुळं पसरत होती. ह्यांनी कमान बोटाने ढकलून मिटवली, दोन वेढे घेतले आणि दोरा परत त्या डाव्या बोटावर धरला. जुनी सवय. पाण्यावर तरंगणारं बूच हलायच्या आधी बोटाला कळतं म्हणायचे पूर्वी.

आम्ही थांबलो. पलीकडच्या काठावर एक बाई गोधड्या धूत होती, तिचा धबधब आवाज पाण्यावरून येत होता. मी बुचाकडे टक लावून बघत होते. ते आपलं शांत. वारा नाही, काही नाही. मी म्हटलं, अजून काही नाही हो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर पाण्यावर नव्हतीच, स्वतःच्या बोटावर होती. तोंडावर असा भाव, जणू लांबून कुणी हाक मारतंय आणि ती आपल्यालाच का, हे माणूस ऐकतंय.

"आलाय," ते म्हणाले. "अगं, कुरतडतोय. कळतंय मला."

बूच अजून हललं नव्हतं. मी बघितलं, शपथेवर सांगते, जागचं हललं नव्हतं. मग ते एकदा बुडालं, वर आलं, आणि ह्यांनी काठी उचलली तेव्हा गळ मोकळा वर आला. कणीक खाऊन मासा केव्हाच गेला होता, चिलापी असणार, ती फार लबाड. हे त्या रिकाम्या गळाकडे बघून एवढे हसले, की पलीकडच्या बाईने गोधडी पिळायची थांबवून आमच्याकडे बघितलं. मला तर हसूही येईना नि रडूही. मी खाली दगडावर बसले आणि कणकेचा आणखी एक गोळा वळून त्यांच्या हातावर ठेवला. डाव्या. त्यांनी तो दोन बोटांत दाबला, चुरडून बघितला आणि म्हणाले, पाणी जास्त झालंय, सैल मळलीस.